बैठकीला बसण्यापूर्वी

दिवाळी अंकात काडीमोडीचा विषय काढला म्हणून काही वाचक नाक मुरडतील. चकलीचा घास आणि फारकतीची गोष्ट एका ताटात वाढू नये, हा शिष्टाचार मलाही ठाऊक आहे. पण आमच्याकडे हा विषय दिवाळीतच निघतो, त्याला मी काय करू? लेक भाऊबिजेला माहेरी येते, भावाला ओवाळते, दोन दिवस आईच्या हातचे खाते, आणि परत निघायच्या आदल्या रात्री भांडी आवरता आवरता आईला सांगते की, मी आता जायची नाही. आई आधी रडते, मग रागावते, मग नवऱ्याला उठवते. आणि तुळशीची लग्ने लागायच्या आत ओसरीवर बैठक भरते.

मी ओतूरची. तीस वर्षांहून अधिक काळ शाळेत शिकवले. आज बैठकीला येणारी निम्मी माणसे माझ्या हाताखाली बाराखडी गिरवून गेलेली. त्यामुळे ‘बाईंनाही बोलवा’ असा निरोप येतो आणि मी जाते. मला मात्र ओसरीवर बसवत नाहीत. मला आत, मुलीपाशी बसवतात. ओसरीवर मुलीचे वडील, मामा, सासरा, दीर, एखादे सोसायटीचे चेअरमन आणि एखादे माजी सरपंच. चहा आतून बाहेर जातो, प्रश्न बाहेरून आत येतात. ‘तिला विचारा, मारतो म्हणजे किती मारतो?’ हा प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकला आहे, आणि तो विचारणारा माणूस दुष्ट नव्हता. तो न्याय करीत होता, असे त्याला खरोखरच वाटत होते.

आणखी एक गोष्ट मी वर्षानुवर्षे पाहिली. मुलगी आत असते हे खरेच. पण मुलगाही बैठकीत नसतो. म्हणजे देहाने असतो. खाली मान घालून सतरंजीचे सूत ओढीत असतो आणि त्याच्या वतीने त्याचा बाप बोलतो. ज्या दोघांचा संसार मोडायचा की जोडायचा याचा खल चालला आहे, त्या दोघांना सोडून बाकी सगळ्यांना त्यात मत असते. याला आम्ही मध्यस्थी म्हणतो! मी याला मध्यस्थी म्हणायला तयार नाही. हा फार तर दोन घराण्यांमधला तह आहे, आणि तहात मुलगी ही एक बाब असते. जशी भांडी ही एक बाब, दागिने ही एक बाब.

गावाने भांडणे गावात मिटवावीत या कल्पनेवर माझा राग नाही. २००७ साली सरकारने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हा मलाही बरे वाटले होते. बांधावरून दोन भाऊ वीस वर्षे जुन्नरच्या कोर्टाच्या खेपा घालतात आणि बांधापेक्षा वकिलाची फी मोठी होते, हे ज्या तालुक्याने पाहिले आहे त्याला अशा मोहिमेचे मोल कळते. पण बांध हलवून पुन्हा बसवता येतो. नवराबायकोचे भांडण त्याच मापाने मोजणे ही चूक आहे, आणि ती चूक रोज होते. बांधाच्या भांडणात दोघेही आपापल्या घरी जाऊन झोपतात. इथे एकीला ज्याच्याविरुद्ध ती बोलली त्याच्याच घरी रात्री झोपायला जायचे असते.

मग खरी मध्यस्थी कशाला म्हणायचे? कायद्याने याचा विचार केलेला आहे, आणि तो आपल्या गावगाड्यापेक्षा पुष्कळच समंजस आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानेच न्यायाधीशावर बंधन घातले की, जेथे शक्य असेल तेथे आधी समेटाचा प्रयत्न करावा. १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्याने तेच बंधन पुढे नेले. दिवाणी प्रक्रिया संहितेचे ८९वे कलम २००२पासून नव्या रूपात अमलात आले आणि कोर्टातून प्रकरण मध्यस्थाकडे पाठवण्याची वाट मोकळी झाली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नवराबायकोचे वाद शक्यतो सुरुवातीलाच मध्यस्थाकडे जावेत. आणि २०२३ साली तर मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाच झाला. पण या सगळ्यात मध्यस्थ म्हणजे पंच नव्हे. तो निकाल देत नाही. कोणाचे चुकले हे सांगत नाही. तो दोघांना एकत्र ऐकतो, मग वेगवेगळे ऐकतो. वेगळ्या बैठकीत सांगितलेले तुमच्या परवानगीवाचून दुसऱ्याला कळवत नाही. जमले तर अटी लिहून दोघांच्या सह्या घेतो. नाही जमले तर कोर्टाला एवढेच कळवतो की जमले नाही. कोण काय बोलले, कोण अडून बसले, यातले अक्षरही कळवायचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच बजावले आहे. आमच्या बैठकीतले गुपित दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर ऐकायला मिळते! एवढा एकच फरक जरी लक्षात घेतला तरी पुरे.

तेव्हा जी जोडपी या वाटेने निघाली आहेत त्यांना माझे पहिले सांगणे हे की, मध्यस्थीला ‘नांदायला पाठवण्याचे’ दुसरे नाव समजू नका. पुन्हा एकत्र राहणे हा तिथला एक शेवट असू शकतो. नीट वेगळे होणे हाही तितकाच मानाचा शेवट असू शकतो. आणि तिथून उठून जाण्याची मुभा दोघांनाही शेवटच्या घटकेपर्यंत असते. हे ज्या बैठकीत सांगितले जात नाही, ती कोर्टाच्या इमारतीत भरली तरी ओसरीवरचीच बैठक समजावी.

तडजोड या शब्दाचा इतिहास आपल्याकडे फार जुना आणि फार कडू आहे. रखमाबाईंची गोष्ट शाळेत आम्ही दोन ओळींत उरकतो. ती उरकण्यासारखी नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुंबईची मुलगी नवऱ्याकडे नांदायला गेली नाही. १८८४ साली दादाजी भिकाजींनी दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला, आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. साऱ्या हिंदुस्थानात आणि विलायतेतही गदारोळ उठला. आपल्या थोर पुढाऱ्यांनीही तिच्याविरुद्ध लेखण्या झिजवल्या. अखेर १८८८ साली तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकूम बजावण्याचा हक्क सोडला. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या, सुरतेत आणि राजकोटात त्यांनी हजारो बायकांची सेवा केली.

या तडजोडीचे कौतुक करणारे एक गोष्ट विसरतात. तिने देह सुटला, गाठ सुटली नाही. दादाजींनी दुसरे लग्न केले; ते पुरुषाला मोकळेच होते. रखमाबाई कायद्याने त्यांची बायकोच राहिल्या, आणि १९०४ साली ते वारले तेव्हा त्यांनी विधवेचे पांढरे लुगडे नेसले, असे सांगतात. ज्या माणसाच्या घरात पाऊल टाकायला नकार देऊन तुरुंग पत्करायची तयारी दाखवली, त्याचे वैधव्य त्यांच्या वाट्याला आले. हिंदू विवाह कायदा मे १९५५मध्ये झाला. रखमाबाई त्याच वर्षी सप्टेंबरात, नव्वदीच्या पुढे जाऊन वारल्या. तडजोडीने काय सुटले आणि काय सुटायचे राहिले, हे सही करण्यापूर्वी पाहावे असे मी म्हणते, ते यासाठी.

आणि हे काही शंभर वर्षांपूर्वीचे दुखणे नव्हे. आमच्या भागात आजही मुद्रांकावर सोडचिठ्ठी लिहून देतात. पूर्वी शंभराचा कागद असे, आता पाचशेचा असतो. ‘आम्ही उभयता राजीखुशीने विभक्त होत आहोत, यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क नाही’ असे चार ओळींत लिहितात, पाच साक्षीदार, नोटरीचा शिक्का, आणि संपले! वाचकहो, त्या कागदाने काही संपत नाही. ज्या जातीत काडीमोडीची रूढी पूर्वापार आहे, तिची रूढी १९५५च्या कायद्याने राखली आहे हे खरे. पण ती रूढी कोर्टात पुराव्याने शाबीत करावी लागते, आणि ती करताना भल्याभल्यांची त्रेधा उडते. रूढी नसेल तर तो कागद रद्दीच्या भावाचा. पुढे त्या कागदाच्या भरवशावर मुलीचे दुसरे लग्न लावून दिले की ती दुसऱ्या नवऱ्याची कायदेशीर बायको होत नाही. त्याच्या माघारी तिचे नाव सात-बाऱ्याला लागत नाही, पेन्शन मिळत नाही. मुलांना कायदा आपले मानतो, आईला मानत नाही. शिवाय दुसरेपणाच्या लग्नाचा फौजदारी गुन्हा मानेवर असतो तो वेगळाच. ओसरीवरच्या ज्या पंचांनी तो कागद लिहिला, ते त्या वेळी कोठे असतात? कांदा वाहायला!

मग राजीखुशीचा खरा रस्ता कोणता? १९५४च्या विशेष विवाह कायद्यात परस्पर संमतीने घटस्फोट होता. हिंदू विवाह कायद्यात तो यायला १९७६ उजाडले. मधली वीस-बावीस वर्षे ज्यांना सभ्यपणे वेगळे व्हायचे होते, त्यांना एकमेकांवर चिखल फेकल्यावाचून गत्यंतर नव्हते. आज तसे नाही. वर्षभर वेगळे राहिले असले की दोघांनी मिळून अर्ज करायचा. वेगळे म्हणजे वेगळ्या छपराखालीच असे नव्हे. नवराबायको म्हणून न राहता एका घरातही वेगळे राहता येते, असे न्यायालयाने १९९१ सालीच म्हटले आहे. अर्जानंतर सहा महिने थांबायचे, मग पुन्हा दोघांनी जाऊन संमती सांगायची. सर्वच बाबी मिटल्या असतील आणि थांबण्यात नुसता छळच उरला असेल तर ते सहा महिने माफही होतात. २०१७पासून तशी सोय आहे. पण हुकूमनामा होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते, हे मात्र दोघांनी पक्के ध्यानात ठेवावे. पुष्कळ प्रकरणे इथे फसतात. सगळी रक्कम पहिल्या सहीलाच देऊन बसलेला नवरा हात चोळत राहतो; ‘शेवटी एकदम देऊ’ या शब्दावर विसंबलेली बायको दागिन्यांसकट गप्प बसते. काही पहिल्या अर्जाला, काही कोर्टात जमा आणि बाकी शेवटच्या दिवशी न्यायाधीशांसमोर, असे हप्ते तारखांसकट लिहून घ्यावेत. यात अविश्वास दिसतो असे म्हणणाऱ्यांना मी विचारते, कांद्याची पट्टी तुम्ही तोंडी घेता का?

पैशाची गोष्ट निघालीच आहे तर ती पुरी बोलू. नोकरदाराची पोटगी ठरवणे सोपे. पगाराचा कागद असतो. आमच्याकडे सासरा छातीवर हात ठेवून सांगतो, ‘पोराच्या नावावर काहीच नाही हो.’ आणि ते खोटे नसते! जमीन आजोबाच्या नावावर, ट्रॅक्टर चुलत्याच्या नावावर, बराखीतला कांदा देवाच्या नावावर. पण २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत दोघांनीही आपली मिळकत आणि देणी शपथेवर लिहून द्यावीत असा दंडक घातला, आणि शेतकऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना दिला. जमीन किती, त्यात हिस्सा किती, ओलीत की जिरायत, कोणती पिके, मागल्या तीन वर्षांचे उत्पन्न, बटाईने दिली-घेतली का, गुरे किती, कर्ज किती. हे वाचून मला मोठी मौज वाटली. दिल्लीत बसलेल्या न्यायमूर्तींना आमच्या ओसरीची चांगलीच माहिती दिसते. बैठकीला जाण्यापूर्वी मुलीकडच्यांनी सात-बारा आणि आठ-अ काढून ठेवावा. आणि मुलाकडच्यांनीही सोसायटीच्या कर्जाचा दाखला जवळ ठेवावा, कारण कर्जही खरे असते आणि टोमॅटो रस्त्यावर ओतायची पाळी येते तेव्हा उत्पन्न शून्य असते, हे नारायणगावच्या बाजारात उभे राहून कोणालाही पाहता येईल. स्त्रीधन मात्र या हिशेबाच्या बाहेरचे. ते बायकोचे, पूर्णपणे तिचे; सासरी ठेवले म्हणून सासरचे होत नाही, असा १९८५चा निर्वाळा आहे. ते परत देणे ही पोटगीतली सवलत नव्हे. लग्नातल्या भेटींची सहीनिशी यादी ठेवावी असा १९८५चाच नियम आहे. तो किती घरांत पाळतात ते मी सांगत नाही. निदान सोनाराच्या पावत्या जपाव्यात.

मुलांविषयी मी थोडेच लिहिते, कारण लिहू लागले तर थांबणार नाही. ‘पोर आमच्या वंशाचे आहे, ते ठेवून जा, मग मोकळी’ असा सौदा मी बैठकीत ऐकला आहे. असला सौदा कायदा मानत नाही. मुलाच्या पोटगीवर मुलाचा हक्क असतो. तो आईला सोडून देता येत नाही. आणि ताब्याविषयी आज लिहिलेले उद्या मुलाच्या हितासाठी कोर्टाला बदलता येते. पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईपाशी असावे असा कायद्याचा कल आहे. एवढे सांगून मी माझ्या वर्गातल्या एका मुलाची आठवण सांगते. तो दर सोमवारी दप्तरात दोन घरांचे दोन डबे घेऊन येई आणि दोन्ही तसेच परत नेई. त्याच्या आईबापांची तडजोड अगदी कायदेशीर होती. तो शनिवार-रविवार कोठे जेवेल हे त्यात तपशीलवार लिहिले होते. तो का जेवत नाही हे कोणी विचारले नव्हते.

आता आक्षेपकांकडे वळते. एक पक्ष म्हणतो, ‘बाई, तुम्ही मुलींना शहाणे करता आणि घरे मोडता.’ या पक्षाचे पुढारी बैठकीत हटकून संतांची साक्ष काढतात. ओतूर हे तुकोबांचे सद्गुरू बाबाजी चैतन्यांच्या समाधीचे गाव. तेव्हा तुकोबांच्या आवलीने काय काय सोसले हे आमच्या मुलींना लहानपणापासून ऐकवले जाते. अहो, आवलीने सोसले हे खरे, पण मुकाट्याने सोसले असे कोणत्या परंपरेने सांगितले? ती तर साक्षात पांडुरंगाला खडे बोल सुनावणारी बाई! तिचे सोसणे मुलींना सांगता, तर तिचे बोलणेही सांगा.

दुसरा पक्ष पुण्यामुंबईकडून येतो. तो म्हणतो, मध्यस्थी म्हणजे सगळ्या दुखण्यांवरची मात्रा. खटला नको, भांडण नको, गोडीने बसा. या पक्षाचे बोलणे गोड असते म्हणून ते अधिक जपून ऐकावे. जिथे मारहाण आहे, जिथे एक जण दुसऱ्याकडे पाहून मगच तोंड उघडते, तिथे समोरासमोर बसवून ‘मोकळेपणाने बोला’ म्हणणे हा क्रूरपणा आहे. अशा मुलीने आधी २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जावे, राहायला छप्पर आणि अंगाला अभय मिळवावे. मग वाटल्यास बोलणीला बसावे, तेही वेगळ्या खोलीत बसण्याची अट घालून. मध्यस्थाला पहिल्याच भेटीत हे सांगण्याचा तिला हक्क आहे. जो मध्यस्थ हे ऐकून ‘थोडेफार चालायचेच’ म्हणेल, त्याच्यासमोरून तिने उठावे. आणि हेही सांगून टाकते की, सोसणारा नेहमी बायकोच असते असे नाही. कल्याणला नोकरी करणारा, दर शनिवारी माळशेज चढून घरी येणारा आणि आई व बायको यांच्या मध्ये चिरडून मुका झालेला मुलगाही मी पाहिला आहे. त्याच्या बापाने बैठकीत त्याच्या वतीने इतके भाषण केले की, त्याला घटस्फोट हवा होता की नको हे आम्हांला शेवटपर्यंत कळले नाही. म्हणून बोलणीच्या खोलीत सासरा नको, मामा नको, मीही नको. दोघे, मध्यस्थ, आणि लागलाच तर वकील.

वकील म्हटले की पुन्हा कपाळाला आठ्या. ‘वकील आणलीस तर सगळे मोडेल’ ही धमकी मुलींना सासरचे देतात आणि माहेरचेही देतात, कारण खर्च. यावर माझे उत्तर सरळ आहे. विधी सेवेचा १९८७चा कायदा सांगतो की, स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि त्यासाठी तिचे उत्पन्न विचारले जात नाही. पुरुष अनुसूचित जाती-जमातीचा असेल, अपंग असेल किंवा त्याचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल, तर त्यालाही मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. साध्या कागदावर अर्ज चालतो, लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितले तरी लिहून घेतात. कोर्टाकडून पाठवलेल्या मध्यस्थीला पक्षकारांकडून फी घेत नाहीत. मुलगी मुंबईला दिलेली असली तरी तिला मुंबईला खेटे घालायला नकोत. ती जिथे राहते तिथल्या कोर्टात तिला अर्ज करता येतो, २००३पासून तशी दुरुस्ती झाली आहे. लोकअदालतीत मिटवायचे असेल तर मात्र एक पाय मागे घेऊन विचार करावा, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. कागद मराठीत लिहून मागावा, घरी न्यावा, दोन रात्री उशाशी ठेवावा, ज्याच्यावर भरवसा आहे अशा एका माणसाकडून वाचून घ्यावा. ‘आजच सही करा, साहेब उद्या रजेवर आहेत’ असे कोणी म्हणाले तर साहेबांना खुशाल रजेवर जाऊ द्यावे.